न उतरणारी साखळी

एका राज्यात एक जुने बंदर होते. बंदराच्या तोंडाशी दोन बुरूज आणि मध्ये लोखंडी साखळी. शत्रू आला की ती चढवायची, आपले गलबत आले की उतरवायची. साखळी वरखाली करायचे चाक तरंगिणी नावाच्या बाईच्या ताब्यात असे. एकदा वादळात कालकंठ नावाच्या जादूगाराने आसरा मागितला. राजा प्रतापभानू घाबरला. जादूगार तो, काय नेम! त्याने साखळी चढवायला लावली आणि जादूगाराचे जहाज तिच्यावर आदळून फुटले. तो कसाबसा बाहेरच्या खडकावर चढला नि ओरडला, "राजा, ही साखळी आता कुणासाठीच उतरणार नाही!"

झाले! साखळी जागची हलेना. गलबत आत येईना की बाहेर जाईना. परदेशी धाडायचे जैतुनाच्या तेलाचे बुधले धक्क्यावर तसेच पडून राहिले. आणि एके दुपारी आभाळ पुन्हा भरून आले, साखळीपलीकडे एक गलबत गटांगळ्या खाऊ लागले. शीड ओळखताच तरंगिणी चाकाशी धावली, पण ते तसूभरही फिरेना. ते तिच्या नवऱ्याचे, नीलध्वजाचे गलबत होते.

बुरुजावरचा पाणकावळा म्हणाला, "बाई, रडत बसू नकोस. तीन कामं आहेत. साखळीत जादूगाराच्या फुटक्या जहाजाचं सुकाणू अडकलंय, ते सोडव. त्याचं त्याला नेऊन दे. आणि ज्याने त्याला 'नाही' म्हटलं, त्याच्याच तोंडून 'या' म्हणव."

तरंगिणीने उडी घेतली. बोटे सोलवटली, पण सुकाणू निघाले. ते कवटाळून ती खडकाशी पोहोचली. तिथेच ठाण मांडून बसलेल्या कालकंठाने ते घेतले.

परतताना ती साखळीलाच बिलगून राहिली, बाहेरच्या बाजूला. तिथून ती राजाला ओरडून म्हणाली, "महाराज, कालकंठांना या म्हणा!"

"आणि त्याने सूड उगवला तर?" धक्क्यावरून राजा म्हणाला.

"माझं माणूस डोळ्यांदेखत बुडतंय! ते बाहेर, तर मीही बाहेर."

लाट तिच्या डोक्यावरून गेली. अख्खे बंदर राजाकडे पाहू लागले. राजा एक पाऊल पुढे टाकी, एक मागे घेई. तरंगिणीचे डोके वर आले, पुन्हा बुडाले. तेव्हा कुठे राजा मुकुटासकट कमरेइतक्या पाण्यात शिरला आणि हात जोडून ओरडला, "कालकंठ महाराज, चुकलो मी. भ्यालो होतो. या!"

साखळी खडखडत तळाला गेली. नीलध्वजाने तरंगिणीला गलबतावर ओढून घेतले.

"आधी खडकाकडे वळवा," ती धापा टाकत म्हणाली.

"अगं, वारा बघ! वेड लागलं का तुला?"

"बोलावलंय त्यांना. बोलावून बाहेर ठेवायचं?"

नीलध्वजाने गलबत वळवले आणि कालकंठाला चढवून घेऊन ते बंदरात आले.

तेव्हापासून त्या बंदरात आसऱ्याची हाक आली की आधी साखळी उतरते, नावगाव नंतर विचारतात. त्यांची गलबते सुखरूप किनाऱ्याला लागली, तशी तुमचीआमची लागोत.