दोन दारांमधला हातभर बर्फ

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, ते मोठ्यांनी विचारू नये. मुलं तर विचारतच नाहीत. उंच डोंगरात एक शहर होतं आणि तिथे हिवाळ्याचे चार महिने बर्फ पडायचा. शहराच्या सगळ्यात जुन्या वस्तीत एक चढाची गल्ली होती. एका बाजूला घरांची रांग, दुसऱ्या बाजूला खोल दरी. जायला-यायला तेवढी एकच वाट.

गल्लीतली माणसं मोठी टापटिपीची. बर्फ पडून गेला की जो तो फावडं घेऊन बाहेर यायचा, आपल्या दारासमोरचा बर्फ दरीत लोटायचा आणि खालची फरशी दिसेपर्यंत खरवडायचा. पण दोन घरांच्या हद्दींमध्ये हातभर रुंदीची पट्टी सुटलेली होती. ती ना या घराची, ना त्या घराची. तिला कुणी हात लावत नसे.

त्याला कारण होतं. मागे एकाने तीन हिवाळे अशी पट्टी साफ केली आणि चौथ्या उन्हाळ्यात तिच्यावर ओटा बांधून मोकळा झाला. साफ मी करतो म्हणजे जागा माझी, असं त्याचं म्हणणं. तेव्हापासून गल्लीने ठरवून टाकलं, पट्टीवर फावडं टाकील तो जागा लाटणारा. झालं. प्रत्येकाचं दार लख्ख आणि दर दोन दारांमध्ये छातीएवढी बर्फाची भिंत. माणसं त्या भिंतींवरून चढत, घसरत, धडपडत बाजारात जायची आणि वर म्हणायची, आमच्याइतकी स्वच्छ गल्ली अख्ख्या शहरात नाही. आता यांना काय म्हणावं?

गल्लीच्या सगळ्यात वरच्या घरात भिवा आणि हौसा हे नवराबायको राहत. भिवा लोकांची छपरं दुरुस्त करायचा. एका सकाळी स्वतःच्याच छपरावरचा बर्फ ढकलताना त्याचा पाय सटकला. तो खाली फरशीवर आपटला आणि मांडीचं हाड मोडलं.

हौसा पदर खोचून धावली. हाडवैद्याचं घर गल्लीच्या सगळ्यात खाली. मधली नऊ घरं आणि दहा भिंती ओलांडून ती पोचली तेव्हा तिचे गुडघे सोलवटले होते.

"पोरी, माझं वय ऐंशी," हाडवैद्य म्हणाले. "या भिंती चढणं माझ्याने व्हायचं नाही. त्यालाच खाटेवर घालून आण. परवाचा सूर्य मावळायच्या आत आणलंस तर हाड सरळ बसवीन. उशीर झाला तर ते वाकडं जुळेल, आणि मग तुझा नवरा पुन्हा छपरावर चढायचा नाही. सांभाळून आणा मात्र. खाट वाटेत हिसकली तर हाड मांसात घुसेल."

हौसा घरी आली. भिवाचे दोन भाऊ हजर होते. ते म्हणाले, "वहिनी, खाट आम्ही उचलतो. फावड्याला मात्र हात लावणार नाही. आम्हाला याच गल्लीत दिवस काढायचेत. उद्या लोक आम्हाला चोर म्हणतील."

"मग मला म्हणू देत," हौसा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिने पहिल्या भिंतीवर फावडं घातलं. महिनाभराचा बर्फ, दगडासारखा घट्ट. लगेच दारं उघडली. कुणी म्हणालं, हिला भारीच धिटाई आली. कुणी म्हणालं, नवऱ्याचं निमित्त करून दहा जागा घशात घालायचा बेत दिसतोय. हौसाला राग आला, रडूही आलं, पण तिचा हात थांबला नाही. अंधार पडेपर्यंत सहा भिंती फुटल्या. तळहातांना फोड आले होते, ते तिने चिंध्यांनी बांधले.

तिसऱ्या दिवशी दुपार कलताना नऊ भिंती झाल्या. उरली दहावी, हाडवैद्यांच्या अलीकडची. तिथे केरोबा उभे. केरोबा हाडवैद्यांचे शेजारी, धान्याचे व्यापारी, गल्लीतले वडीलधारे, आणि पट्टीचा नियम त्यांच्याच वडिलांनी घातलेला. त्यांनी फावड्याचा दांडा धरला.

"हौसाबाई, आज फावडं चालवाल, उद्या ओटा घालाल."

"काका, पट्टी तुमचीच म्हणा. मी चार माणसांसमोर कबूल करते. मला खाटेपुरती वाट द्या."

हे ऐकताच हाडवैद्यांचा मुलगा बाहेर आला. "यांची कशी? ती यांची नाही."

"मग तुझी काय?" केरोबांनी दांडा सोडला आणि ते त्याच्याकडे वळले. दोघांची जुंपली. आजे-पणजे निघाले, हद्दीचे दगड निघाले. ऊन भिंतीवर चढत चाललं होतं. हौसा त्या दोघांच्या मध्ये वाकली आणि खणू लागली. फावड्याचं पातं निखळलं, तेव्हा तिने पहार घेतली. हातातल्या चिंध्या लाल झाल्या. भांडणारे दोघे हळूहळू गप्प झाले. तिच्या हातांकडे बघत उभे राहिले, पण मदतीला कुणी वाकलं नाही. जुनी सवय अशी एका दिवसात सुटत नसते.

सूर्य डोंगरामागे जायला थोडा वेळ होता, तेव्हा भावांनी भिवाची खाट त्या दहाव्या पट्टीवरून अलगद पलीकडे नेली. हाडवैद्यांनी हाड सरळ बसवलं, काठ्या बांधल्या आणि बजावलं, "दर चौथ्या दिवशी आणायचं. हिवाळा संपेपर्यंत."

त्याच रात्री पुन्हा बर्फ पडला. तिसऱ्या दिवशीही पडला. मांडीइतका साचला.

चौथ्या दिवशी पहाटे हौसा उसनं फावडं घेऊन बाहेर आली. बोटं मिटत नव्हती. आज दहा, पुढच्या खेपेला दहा, असं वसंतापर्यंत करावं लागलं तरी करायचं, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. पहिली पट्टी तिने मोकळी केली. दुसरीपाशी आली तर तिथे फरशी दिसत होती. तिसरीही साफ. ती खाली खाली चालत गेली आणि तिला कुठेच थांबावं लागलं नाही.

दहाव्या पट्टीवर केरोबा आणि हाडवैद्यांचा मुलगा समोरासमोर उभे राहून बर्फ उपसत होते. एकमेकांशी बोलत नव्हते. फावड्यावर फावडं आपटत होतं, तेवढाच काय तो आवाज.

"काका," हौसाने विचारलं, "शेवटी पट्टी कुणाची ठरली?"

"ते भांडण आम्ही उन्हाळ्यात बघू," केरोबा मान वर न करता म्हणाले. "तुम्ही जा, खाट घेऊन या."

म्हणून सांगतो, जी जागा कुणाचीच नसते, तिथला बर्फ सगळ्यांनीच काढायचा असतो.