बंधाऱ्याआडचा मांडव

त्या राज्यात कोणीही कोणाला वाट विचारत नसे. या स्थितीविषयीची जी कथा तिथे प्रचलित आहे, तिचे तीन पाठ आढळतात. डोंगरवस्तीच्या पाठात प्रवासी लांडगा आहे आणि तो अंत्यविधीला निघालेला आहे. नदीकाठच्या पाठात तो बेडूक आहे. तिसरा पाठ लग्नाच्या आदल्या संध्याकाळी, मांडवाचे खांब रोवून झाल्यावर सांगतात. त्यात प्रवासी साळिंदर आहे, आणि येथे दिला आहे तो हाच पाठ. तिन्ही पाठांत प्रवासी बदलतो, प्रयोजन बदलते, पक्षी मात्र बदलत नाहीत.

पूर्वी त्या राज्याच्या प्रत्येक फाट्यावर एक वाटसांग्या बसे. वाट विचारणाऱ्याने आधी त्याला पाणी द्यायचे, आपण कुठे आणि कशासाठी निघालो ते सांगायचे, आणि निघताना शेजारच्या ढिगावर एक दगड ठेवायचा, असा रिवाज होता. पुढे आकाशात घारी फिरू लागल्या. त्यांना सारे राज्य एकाच नजरेत दिसे. त्या वरून शीळ घालत आणि प्रत्येक गाडीत टांगलेल्या पिंजऱ्यातली मैना त्या शिळेचा अर्थ गोड आवाजात सांगे. मैना कधी चिडत नसे. वळण चुकले तरी म्हणे, “हरकत नाही, नवी वाट शोधते.” हळूहळू वाट विचारणे हे घरात चांगली मैना नसल्याचे लक्षण ठरले. दगडांच्या ढिगांवर गवत वाढले.

केरोबा नावाचा साळिंदर आपल्या दिवंगत बहिणीच्या एकुलत्या लेकीच्या लग्नाला निघाला होता. त्या जमातीत नवरीला मामाने हात धरून बोहल्यावर न्यायचे असते. मुहूर्त सूर्य टेकण्याचा होता. शेजारी त्याची बायको सगुणा मांडीवर अक्षतांचे ताट घेऊन बसली होती. वर पिंजरा झुलत होता. चाके पायांनी फिरवावी लागत, तरी उतार असल्याने गाडी सुखाने चालली होती.

शेवटच्या फाट्यावर एक म्हातारी कासवीण ऊन खात बसली होती.

“एवढं नटूनथटून कुठं, दादा?”

केरोबाने नजर पुढेच ठेवली. सगुणा म्हणाली, “भाचीचं लग्न आहे हो, आजी.”

“मग इकडं कुठं तोंड केलंय? हा कोरडा ओढा आहे. दोन्ही अंगांनी भिंती, आणि शेवटी बंधारा. आंब्याखालून जा. घटकाभरात मांडवात असाल.”

“तीस पावलांवर डावीकडे वळा,” मैना म्हणाली. डावीकडे ओढा होता.

“आजी, ही वरून बघते,” केरोबा म्हणाला. “तुम्ही या दगडावरून शेवटच्या कधी हललात?”

“बघते ना? मग विचार तिला, माझ्या पाठीवर भेगा किती.”

सगुणा हसली. “अहो, आजींचं ऐकलं तर काय अंगावरचे काटे गळतात का?”

केरोबाला ते लागले. शिवाय मागे गाड्या थांबल्या होत्या आणि त्यांतल्या मैनाही डावीकडेच सांगत होत्या. त्याने डावीकडे वळवले.

ओढा आधी रुंद होता, मग निमुळता होत गेला. भिंती गाडीला घासू लागल्या तेव्हा सगुणाने ताट छातीशी धरले. “अजून मागं घेता येईल,” ती म्हणाली.

“सरळ जा,” मैना म्हणाली.

मागे घेता येत नव्हते. मागे चाळीस गाड्या लागलेल्या होत्या. थोड्याच वेळात समोर बंधारा उभा राहिला. घारीला तो सावलीच्या रेघेएवढा दिसत असावा. गाडीची दोन्ही अंगे भिंतींत अशी बसली की उतरायला जागा उरली नाही. केरोबा कसाबसा टपावर चढला, तरी बंधाऱ्याचा माथा त्याच्या हातापासून दोन पुरुष उंचच राहिला.

“ओ काटेवाले!” मागून एक ससा ओरडला. “सरका की पुढं! आमची मैना म्हणते रस्ता मोकळा आहे.”

“आमचीही तेच म्हणते,” केरोबा म्हणाला.

“मग अडलंय कुठं तुमचं?”

केरोबाने बंधाऱ्याकडे कान लावला. बंधाऱ्यापलीकडून सनई ऐकू येत होती. मांडव इतका जवळ होता की पंगतीच्या पत्रावळी मांडल्याचा आवाजही कळत होता. मग कोणीतरी विचारले, “मामा आले का?” त्यामागून एक बारीक, भिजलेला आवाज आला, “आणखी जरा थांबा ना. येतो म्हणालाय.” तो आवाज सगुणाने ओळखला.

“हाक मारा!” ती म्हणाली. “जोरात!”

केरोबाने सगळे काटे फुलवले, छाती भरून घेतली आणि ओरडला, “पोरी, मी इथं आहे!”

त्याच क्षणी वर घारीने शीळ घातली आणि एकेचाळीस मैना एकदम म्हणाल्या, “आपण पोहोचलात.”

त्याची हाक त्यात बुडाली. तो पुन्हा ओरडला. त्या पुन्हा म्हणाल्या.

नदीकाठच्या पाठात या ठिकाणी पाणी येते आणि गाड्या तरंगत वर चढतात. मांडवात सांगितल्या जाणाऱ्या पाठात पाणी येत नाही. सूर्य टेकला. पलीकडे कोणी वडीलधारे म्हणाले, “मुहूर्त टळतोय. शेजारच्या काकांनी हात धरा.” मंगलाष्टके सुरू झाली.

सगुणाने ताट वर दिले. प्रत्येक कडव्याच्या शेवटी केरोबा टपावरून मूठभर अक्षता बंधाऱ्यावर फेकत राहिला. त्या माथ्यापर्यंत पोहोचत नव्हत्या. दगडाला लागून गाडीत परत पडत, काही पिंजऱ्यातही.

मैना ते दाणे टिपू लागली. चोच भरलेली होती तोवर ती गप्प होती आणि टपाखाली सगुणाचे रडणे तेवढे ऐकू येत होते. दाणे संपल्यावर मैनेने चोच गजांना पुसली आणि परतीची वाट सांगायला सुरुवात केली.