दिवा येतोय

एकदा एक शिष्य आपल्या गुरूकडे गेला आणि म्हणाला, "मला झोप येत नाही. काहीतरी करा." अशा कथांतले गुरू बहुधा नदीकाठी किंवा वटवृक्षाखाली बसलेले असतात. आमच्या कथेतला गुरू मोटारसायकलींच्या गॅरेजात ऑइलच्या पालथ्या डब्यावर बसलेला होता, आणि त्याच्या नखांतला काळा रंग कुठल्याही तीर्थात धुऊन निघाला नसता. सात्त्विक मंडळींनी माफ करावं, पण मला हाच गुरू माहीत आहे.

त्याचं नाव रंगराव. घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या त्या तालुक्याच्या गावात लहानथोर सगळे त्याला वस्ताद म्हणत. शिष्याचं नाव सुमेध. पंचविशीतला, हाताचा चलाख, वस्तादांच्या हाताखाली बरीच वर्षं काढलेला. त्याची झोप कशाने उडाली, ते आधी सांगायला हवं.

गावातल्या कापडाच्या एका व्यापाऱ्याला दोन मुलं होती. थोरला शार्दूल, धाकटी ऋतुजा. शार्दूलकडे लाल रंगाची स्पोर्ट बाईक होती. गाडी कसली, उधळलेलं घोडंच ते! एक दिवस तो ती गॅरेजवर घेऊन आला आणि म्हणाला, "वस्ताद, दिवा येतोय."

आमच्याकडे गॅरेजात रोगाला कोणी रोगाच्या नावाने हाक मारत नाही. गिऱ्हाईक सांगतं, आवाज येतोय, वास येतोय, दिवा येतोय. जे येतंय ते येऊ नये, एवढंच त्याचं मागणं. इंजिन प्रमाणाबाहेर तापलं, की शार्दूलच्या गाडीच्या मीटरवर एक लहानसा लाल दिवा पेटत असे. तोच हा दिवा.

वस्तादांनी गाडी चालू केली, वाकून पाहिलं, हात लावून पाहिलं. म्हणाले, "पाण्याच्या पंपाचं सील गेलेलं दिसतंय. इंजिन गार ठेवणारं पाणी नीट फिरतच नाही. मी पुतण्याच्या लग्नाला चाललोय, आलो की उघडू. सुमेध, तोवर ही गाडी द्यायची नाही." आणि ते गेले.

दुसऱ्या दिवशी शार्दूल परत आला. ऋतुजाची घाटावरच्या शहरात नोकरीची मुलाखत होती, लगेच उद्या सकाळी. बहिणीला स्वतः नेऊन सोडायचं, असं त्याने तिला कबूल केलं होतं.

"एसटीने जा की," सुमेध म्हणाला.

"एसटी घाटात कुठे बसेल, ते तिच्या ड्रायव्हरलाही माहीत नसतं. बघा ना काहीतरी."

"वस्ताद नाहीत. ते आल्याशिवाय गाडी द्यायची नाही, असं सांगून गेलेत."

"ते नाहीत म्हणून काय झालं? आमच्यासाठी तुम्हीच वस्ताद!"

झालं. माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला शिडी लागत नाही, एक शब्द पुरतो. सुमेधला त्या दिवसापर्यंत कोणी वस्ताद म्हटलं नव्हतं. त्याने पाना हातात घेतला.

त्याने जुनं पाणी काढून नवं कूलंट भरलं, नळीतली हवा काढली, गाडी चालू करून उभी ठेवली. थोड्या वेळाने दिवा आला. इंजिन गार होईपर्यंत तो थांबला, पुन्हा भरलं, पुन्हा चालू केली. दिवा पुन्हा आला. पंपाचं सील गावातल्या दुकानात मिळालं नाही. इथे त्याने हात जोडून "माझ्याच्याने होत नाही" म्हणायला हवं होतं. पण नुकतीच मिळालेली वस्तादकी इतक्या लवकर कोण परत देतो?

इंजिन किती तापलंय याची खबर मीटरपर्यंत पोचवणारा एक सेन्सर असतो. सुमेधने त्या सेन्सरच्या वायरीत मध्येच वीज अडवणारा एक छोटासा तुकडा जोडून टाकला. त्यामुळे इंजिन आतून भाजून निघालं, तरी मीटरला ते थंडगारच दिसणार. मग त्याने गाडी पुसली आणि शार्दूलच्या हातात किल्ली देत म्हणाला, "घ्या. दिवा आता येणार नाही."

वाक्य अगदी खरं होतं! मला राग येतो तो याचाच. खोटं बोलणारा माणूस निदान कुठेतरी अडखळतो. असलं खरं बोलणारा अडखळतही नाही. शार्दूलने त्यातून ऐकलं ते असं, की गाडी बरी झाली. सुमेधने ऐकवलंही तसंच.

आणखी एक गोष्ट सुमेधच्या ध्यानातच आली नाही. इंजिन तापलं की पाणी थंड करायला पुढचा पंखा फिरू लागतो, आणि तो पंखादेखील त्याच सेन्सरच्या खबरीवर चालतो. पाणी आधीच नीट फिरत नव्हतं. आता पंखाही फिरणार नव्हता.

सकाळी भाऊ-बहीण घाट चढू लागले. अर्ध्या चढावर इंजिन जाम झालं. तापून फुगलेला पिस्टन आतल्या आत धरला गेला, मागचं चाक जागच्या जागी अडकलं, आणि गाडी आडवी झाली. शार्दूल रस्त्यावर घासत गेला. ऋतुजा कठड्यावर आदळली. हेल्मेट होतं, त्याचा काही उपयोग झाला नाही. इस्पितळात नेईपर्यंत ती राहिली नव्हती.

पोलिसांनी पंचनामा केला आणि कारण लिहिलं, अतिवेग. स्पोर्ट बाईक, तरुण मुलगा, घाट. एवढ्यावर कोणीही तेच लिहिलं असतं. गावही तेच म्हणू लागलं. बापाने स्मशानातून परतल्यावर चार माणसांसमोर मुलाला सांगितलं, "तू मारलीस तिला." आईने तेवढंही म्हटलं नाही. तिने शार्दूलशी बोलणंच सोडलं.

सुमेध भेटायला गेला. लोक जातात तसा जाऊन बसला. शार्दूल प्लास्टरमधला पाय लांब करून खाटेवर पडला होता. तो म्हणाला, "मला नीट आठवत नाही हो. ब्रेक मीच जोरात दाबला असणार. नाहीतर चाक असं अडकेल कशाला? बाबा म्हणतात तेच खरं."

सुमेधने मान खाली घातली. त्याला वाटलं, आता बोलावं. पण पाणी पिऊन तो उठून आला.

लग्नाहून परतलेल्या वस्तादांनी विचारलं, तेव्हाही 'शार्दूल गाडी घेऊन गेला' एवढंच त्याने सांगितलं. पुढे पोलिसांनी मोडकी गाडी सोडली. व्यापाऱ्याला ती डोळ्यांसमोर नको होती, म्हणून टेम्पोवाल्याने ती गॅरेजच्या मागच्या अंगणात आणून टाकली. वस्ताद पाहायच्या आत सुमेधने तिच्यावर ताडपत्री घातली. त्यानंतर त्याची झोप गेली. जेवण जाईना. शेवटी एका दुपारी, गॅरेजात दुसरं कोणी नसताना, त्याने वस्तादांना सगळं सांगून टाकलं. शब्दही गाळला नाही. आणि म्हणाला, "मला झोप येत नाही, वस्ताद. काहीतरी करा. मन शांत होईल असं काहीतरी सांगा."

वस्तादांनी तोंडावर हात फिरवला. त्यांनी त्याला शिवी दिली नाही, मारलं नाही, जवळही घेतलं नाही. मग उठून म्हणाले, "ती गाडी आत आण."

दोघांनी मिळून ती ओढत आत आणली. हँडल मुडपलेलं, टाकी चेपलेली, एका बाजूला रंग उरला नव्हता.

"तू टाकलेला तुकडा काढ. वायर होती तशी जोड."

सुमेधला कळेना. "वस्ताद, ही गाडी आता चालायची नाही. इंजिन गेलंय."

"ठाऊक आहे. जोड."

त्याने तुकडा कापून काढला, वायर सरळ जोडली. वस्तादांनी त्याला सेन्सर इंजिनातून बाहेर काढायला लावला, वायर तशीच ठेवून. दुसऱ्या गाडीची बॅटरी आणून लावली. स्वतः स्टोव्हवर एका डब्यात तेल तापवत ठेवलं. तेल चांगलं तापल्यावर त्यांनी सांगितलं, "आता किल्ली फिरव, आणि सेन्सर यात धर."

सुमेधने धरला. मीटरची काच फुटलेली होती, तरी क्षणभराने तिच्यामागे लाल दिवा लागला. आणि तेवढ्यात वाकडा झालेला पंखा फिरू लागला, जाळीला घासत, खरखर करत. थंड पडलेल्या, मेलेल्या इंजिनासमोर तो फिरत राहिला. सुमेधच्या हातून सेन्सर डब्यातच सुटला आणि तो मटकन खाली बसला.

"बंद करा, वस्ताद. पाया पडतो तुमच्या. बंद करा!"

"हेच," वस्ताद म्हणाले. "हेच तू मला मघाशी म्हणालास."

त्यांनी किल्ली फिरवून गाडी बंद केली आणि त्याच्यासमोर उकिडवे बसले.

"माझी आई 'दिवा विझव' असं कधी म्हणू द्यायची नाही. अभद्र वाटायचं तिला. म्हणायची, दिवा शांत कर. चांगला शब्द आहे. पण सुमेध, कुठला दिवा शांत करायचा आणि कुठल्या दिव्याकडे बघून गाडी थांबवायची, हे कळायला हवं की नको? शार्दूल तुझ्याकडे येऊन म्हणाला, दिवा येतोय, काहीतरी करा. तू दिवा घालवलास आणि आग आत ठेवलीस. आज तू माझ्याकडे येऊन म्हणतोस, झोप येत नाही, काहीतरी करा. मी काय करू? तुला सांगू, की तिचं आयुष्य तेवढंच होतं? सांगू, की पंप तसाही जाणारच होता, तुझा दोष नाही? सांगतो की! मी सांगितलं तर तुला पटेलही. रात्री घोरत पडशील. आणि तिकडे तो पोरगा खाटेवर पडून रोज स्वतःला खुनी म्हणवून घेईल."

सुमेध रडत होता. वस्तादांनी त्याला रडू दिलं.

"तुझी झोप गेली ती बरं झालं," ते म्हणाले. "ती येऊ नये, असंच मला वाटतं. निदान आज तरी."

"पोलीस धरतील मला."

"धरतील."

"गॅरेज जाईल तुमचं."

"जाऊ दे. गाडी माझ्या दारातून बाहेर पडली, पाटीवर नाव माझं आहे. मी येतो बरोबर. पण तोंड मी उघडणार नाही. ते तू उघडायचंस."

सुमेधने नळाखाली तोंड धुतलं. दोघे चालतच व्यापाऱ्याच्या घरी गेले. व्यापारी ओसरीवर बसला होता. आई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. आतल्या खोलीचं दार उघडं होतं आणि शार्दूलची खाट तिथून दिसत होती.

सुमेधने उभ्या उभ्याच सांगितलं. वायरीतला तुकडा, पंखा, "दिवा आता येणार नाही" हे वाक्य, सगळं. वस्ताद बाजूला हात बांधून उभे होते.

व्यापाऱ्याला पहिल्यांदा काही कळलं नाही. "म्हणजे?" त्याने विचारलं. "म्हणजे शार्दूलने..."

"शार्दूलने काही केलं नाही, काका. चाक आपोआप अडकलं. कोणीही चालवत असता, तरी अडकलं असतं. त्याला माहीतच नव्हतं. मी त्याला कळू दिलं नाही."

व्यापारी उठला आणि त्याने सुमेधच्या थोबाडीत मारली. मग दुसरी मारली. वस्ताद मध्ये पडले नाहीत. तिसऱ्यांदा उगारलेला हात तसाच खाली आला आणि तो मोठा माणूस भिंतीला धरून खाली बसला. "मी त्याला काय काय बोललो," एवढंच तो म्हणत राहिला.

आईने सुमेधकडे पाहिलंदेखील नाही. माफी तर दूरच. सुमेधनेही ती मागितली नाही. वाटेत जुळवून ठेवलेले माफीचे शब्द त्याला आता कोतेच वाटू लागले. मागायला म्हणून आलेला माणूस काहीतरी घेऊन जायला आलेला असतो, आणि या घरातून आणखी काही न्यायचा त्याला हक्क नव्हता. जे त्यांचं होतं ते तो देऊन चुकला होता.

"चल," वस्ताद हलकेच म्हणाले. "आता पोलीस ठाण्यात."

दोघांनी पायऱ्या उतरून चपला घातल्या. मागे पावलं वाजली. आई आतल्या खोलीत गेली होती. खाटेच्या कडेला बसल्याचा आवाज आला, आणि मग बऱ्याच दिवसांत न वापरल्याने फाटल्यासारखा झालेला तिचा आवाज.

"जेवलास का रे?"