भैरव पंप्सची बकुळ

पुण्यात एचआरवाल्यांचं संमेलन भरलं होतं. उमेदवारांची पार्श्वभूमी तपासणाऱ्या कंपनीचे मालक सबनीस मंचावरून छाती फुगवून म्हणाले, "जुन्या कंपनीने फोन उचलला नाही, तर उमेदवार बाद! मी स्वतः भैरव पंप्समध्ये घडलोय."

याच नियमाने बाद झालेली शालन काकडे मागून उठली. "साहेब, भैरव पंप्सला कधीच टाळं लागलं. तिथला फोन कोण उचलणार? मग तुम्हीही बाद?"

सभागृह हसलं. सबनीस चिडले, "अहो, मी होतो तिथे!"

"होतात ना. कँटीनमागच्या बकुळीखाली डबा खायचात. मी शेजारीच, कंपनीच्या स्टोअरमध्ये कामाला होते. मी तुमची साक्ष देते, तुम्ही माझी द्या."

सबनीसांनी माइक खाली ठेवला. "दिली." मग हळूच विचारलं, "बकुळ आहे अजून?"

"आहे. फुलंही पडतात, साहेब. वेचायला कुणी नाही."