वैजूची पाच पुस्तकं

“म्हणजे यातलं एकही धड नाही, असं म्हणायचंय का तुम्हाला, अक्का?”

वैजूनं अक्कांच्या खुर्चीपुढं, सतरंजीवर, पाच पुस्तकं मांडली होती. पाचही बायकांच्या व्यायामाची. ताकद कशी वाढवायची, वजनं कशी उचलायची, चाळिशीनंतर काय, साठीनंतर काय. गुळगुळीत कागद आणि पानोपानी फोटो.

अक्का म्हणजे आमच्या यमुनाक्का. मिरजेत चाळीस वर्षं त्यांनी मुलींना मल्लखांब शिकवला. आता वय एकोणऐंशी, पण आवाजाचा दरारा तसाच. वैजू त्यांच्याच हाताखाली तयार झाली. सांगलीत तिची स्वतःची जिम आहे, भिंतभर प्रमाणपत्रं आहेत. मीही अक्कांचीच, पण मी कुठं गेले नाही, इथंच राहिले. त्या दिवशी मी खांबाला एरंडेल चोळत होते आणि कान सगळे तिकडं होते. खोटं कशाला सांगू?

“मी कुठं काय म्हटलं?” अक्का म्हणाल्या. “तासभर तूच बोलतेयस.”

एरवी वैजू हसली असती. हसली नाही.

“सोमवारपासून वर्ग सुरू करतेय, अक्का. आईच्या नावानं. साठीच्या पुढच्या बारा बायका. त्यांच्या हातात एकच पुस्तक द्यायचंय, पण ते अगदी बरोबर हवं. आईच्या वेळी मी वर्षभर नुसती शोधत बसले. हे बरं की ते बरं... आणि ती पडली न्हाणीत.”

पुढचं आम्हाला ठाऊक होतं. खुब्याचं हाड मोडलं, तीन महिने अंथरुणात काढले आणि माघात गेली बिचारी.

“माझं तेवढंच चुकलं. योग्य पुस्तक वेळेत हाती लागलं असतं ना, तर आज आई असती.”

अक्कांनी एक पुस्तक उचललं, दोन पानं उलटली आणि खाली ठेवलं.

“तुझी आई जेवायला कुठं बसायची?”

“काय?”

“जेवायला गं. कुठं बसायची?”

वैजूला राग आला. मला लांबूनही दिसला. माणूस विचारतंय काय आणि ही म्हातारी बोलतेय काय!

“आमच्याकडं सगळे खालीच बसतात. बाबांना टेबल चालत नाही. पाट मांडतो.”

“सगळ्यांचं सोड. आई?”

“आई वाढायची.”

“मग?”

“मग ओट्याशी उभ्यानंच दोन घास खायची. दर रविवारी मी माहेरी जेवायला यायचे, दर रविवारी म्हणायचे, बस गं आमच्याबरोबर. ऐकेल तर शपथ! ‘तुम्ही बसा, मी वाढते.’ तशीच होती ती, अक्का. सगळ्यांची पोटं भरल्याशिवाय तिला अन्न गोड लागायचं नाही.”

हे ती सांगत होती मोठ्या कौतुकानं.

“पहिल्यापासून अशीच?”

“हो. म्हणजे... नाही. मी शाळेत होते तेव्हा माझ्या शेजारी बसायची. तिच्या ताटातली कुरडई मी पळवायचे...”

वैजूनं एकदम मान वर केली.

“उभी कधीपासून राहायला लागली?”

मी एरंडेलाचा बोळा खाली ठेवला.

“तीन वर्षं,” वैजू म्हणाली. “चार असतील.” तिनं सतरंजीवरचं एक पुस्तक उगाचच सरळ केलं. “एका भाऊबीजेला मी तिला हात धरून बसवलं होतं. जबरदस्तीनं. जेवणं झाली, आम्ही उठलो. ती बसूनच. म्हणाली, ‘जा तुम्ही, मी जरा टेकते इथंच.’ दादा म्हणाला, बघा, आज आई महाराणी झाली... आणि आम्ही हसलो. सगळे हसलो, अक्का.”

“उठली कशी ती?”

“माहीत नाही. आम्ही फोटो काढायला अंगणात गेलो होतो.”

...

“मी रोज तीस बायकांकडून उठाबशा काढून घेते,” वैजू म्हणाली. आता ती रडत होती, नाक पुसायचंही भान नव्हतं. “आणि माझ्या आईला जमिनीवरून उठता येत नव्हतं. माझ्या समोर. दर रविवारी.”

मला वाटलं, आता तरी अक्का तिच्या पाठीवरून हात फिरवतील. दोन शब्द बोलतील, जाऊ दे बाळ, असं काहीतरी. मीच बोलायला निघाले होते. अक्कांनी माझ्याकडं असं बघितलं की मी पुन्हा बोळा उचलला.

मग त्या खुर्चीवरून उतरल्या. खुर्चीची कड धरली, एक गुडघा टेकला, थांबल्या, दुसरा टेकला. वैजू पटकन हात द्यायला सरसावली. अक्कांनी तो बाजूला सारला आणि तिच्यासमोर मांडी घालून बसल्या. दम लागला होता त्यांना.

“तुमच्याकडं चैत्रात हळदीकुंकवाला आले होते मी,” त्या म्हणाल्या. “मागच्याच्या मागच्या वर्षी. आम्ही सगळ्या बायका सतरंजीवर, आणि तुझी आई डाळपन्ह्याचा ट्रे घेऊन दारात उभी. अर्धा तास. मी म्हटलं, काय बाई उत्साह या वयात! तोंडावर म्हटलं तिच्या. ती हसली.”

“अक्का...”

“जन्म गेला माझा मुलींचे गुडघे बघण्यात. तिचे नाही बघितले.”

मला तिथं उभं राहवेना, पण जायचं तरी कुठं? खांबाला जरा जास्तच तेल लागलं त्या दिवशी.

शेवटी वैजूनं तोंड पुसलं. पाची पुस्तकं गोळा करून मांडीवर घेतली.

“सोमवारी बारा जणी येणार आहेत, अक्का. त्यांच्यातली एकही अशी जायला नको. सांगा ना, यातलं कुठलं देऊ?”

“आधी रविवारी सगळ्यांना जेवायला बोलाव,” अक्का म्हणाल्या. “पाट मांड. आणि जी म्हणेल, तुम्ही बसा, मी वाढते... तिच्यापासून सुरुवात कर.”