तांदळाच्या डब्यातली बाटली

एकदा एका मोठ्या शहरातल्या सरकारी रुग्णालयात एक वृद्ध समुपदेशक होते. एचआयव्हीची बाधा झालेल्या माणसांना धीर द्यावा, त्यांना औषधाचे महत्त्व पटवावे, हे त्यांचे आयुष्यभराचे काम. त्यांच्या हाताखाली एक शिष्या नुकतीच शिकायला आली होती. हुशार आणि तळमळीची. पण ऐकण्यापेक्षा सांगण्याची घाई अधिक.

एके दिवशी तिच्यासमोर मालनबाई येऊन बसल्या. बाजारात गजरे विकून भावाच्या एका खोलीच्या घरात, लग्नाला आलेल्या भाचीसह, राहणारी ही बाई. महिनाभराच्या गोळ्यांपैकी निम्म्या तशाच उरल्या होत्या.

"मालनबाई, अहो, रात्रीची एक गोळी! तेवढंही जमू नये?" शिष्या म्हणाली. "अशा चुकवत राहिलात तर औषध लागू पडायचं बंद होईल. मग आम्हाला बोल लावू नका."

"बोल कशाला लावू, ताई? तुमचं बरोबरच आहे," असे म्हणून मालनबाई उठल्या आणि नव्या गोळ्या न घेताच निघून गेल्या.

शिष्येचा चेहरा उतरला. बाई पुन्हा आल्याच नाहीत तर?

वृद्धांनी तिला दोष दिला नाही. कपाटातली एक प्लास्टिकची बाटली काढून त्यांनी तिच्यात जीवनसत्त्वाच्या साध्या गोळ्या भरल्या आणि ती तिच्या हाती दिली.

"रोज रात्री जेवल्यावर एक घे. पुढच्या सोमवारपर्यंत. फक्त घरात कोणाला कळता कामा नये."

"एवढंच?" शिष्येला या विचित्र आज्ञेचा अर्थ लागेना.

बसमध्येच बाटली पर्समध्ये खुळखुळू लागली. घरी कपाट नणंदेबरोबर वाटून घेतलेले. पहिल्या रात्री तिने न्हाणीघरात गोळी गिळली. दुसऱ्या रात्री पाहुणे आले आणि न्हाणीघर काही रिकामे होईना. पुढे एकदा ती विसरलीच. शेवटी तिने बाटली तांदळाच्या डब्यात खुपसली आणि ती नेमकी सासूबाईंच्या हाती लागली. सासूबाईंनी आपल्या परीने निदान केले.

"अगं, गोड बातमी अशी तांदळात पुरून ठेवतात का?"

संध्याकाळी शेजारच्या काकू शिऱ्याची वाटी घेऊन हजर! नवरा दारातच थबकला. त्याचे अभिनंदन जिन्यातच झाले होते.

सोमवारी ही हकिगत ऐकून वृद्ध डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग शांतपणे म्हणाले, "तुझं गुपित फुटलं तेव्हा तुला शिरा मिळाला. आपलं फुटलं तर काय वाढून ठेवलंय, या धास्तीनं मालनबाई रोज जेवायला बसतात. गोळीचे गुण आपण त्यांना पुष्कळ सांगितले. ती गिळायला घरात जागा आहे का, हे मात्र विचारायचं राहिलं."

त्याच दुपारी शिष्या गिऱ्हाईक होऊन बाजारात गेली. आसपास कोणी नाही असे पाहून तिने मालनबाईंना आपली सगळी फजिती सांगितली. मालनबाईंनी तोंडाला पदर लावला.

"मग काय म्हणतात सासूबाई? मुलगा की मुलगी?"

दोघी मनमुराद हसल्या. हसू ओसरल्यावर शिष्येने विचारले, "बाई, दिवसातली कोणती वेळ तुमची एकटीची?"

मालनबाई विचारात पडल्या. असे कोणी कधी विचारले नव्हते. "सकाळची. टेम्पोतून फुलं उतरली की मी इथं एकटीच ओवत बसते."

दुसऱ्या दिवशी त्या रुग्णालयात आल्या. गोळी सकाळी घेतली तरी चालेल, मात्र वेळ रोज तीच पाळा, असे डॉक्टरांनी सांगितले. दोऱ्याच्या रिळांच्या डब्यात, कापसात गुंडाळून, गोळ्यांना जागा मिळाली.

काही महिन्यांनी रक्ताचा अहवाल आला. विषाणू तपासणीत सापडू नये इतका कमी झाला होता.

"म्हणजे मी जिंकले का, ताई?"

"म्हणजे गोळी अशीच चालू ठेवायची आणि भाचीच्या लग्नात पोटभर नाचायचं!"

"नाचते की! पण वरातीत तुम्हालाही ओढीन, सांगून ठेवते."

त्यानंतर नवा माणूस समोर बसला की शिष्या औषधाची माहिती देण्याआधी विचारू लागली, "घरी कोण कोण असतं?" आणि उत्तर पुरते संपेपर्यंत थांबू लागली.

कोणाला हिताची गोष्ट सांगायला निघालो, तर आधी त्याच्या घरात ती ठेवायला कोनाडा आहे का, एवढे आपणही पाहावे.