नवसूनं पाणी थांबवलं तेव्हा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. विचारलं की सांगणाऱ्याला काहीतरी ठोकून द्यावं लागतं, आणि ही गोष्ट तशी सांगायची नाही.

सह्याद्रीच्या माथ्यावर एक धार आहे, म्हणजे डोंगराचा कणाच. तिच्या पश्चिमेला पडलेला पाऊस घाईघाईनं कोकणात उतरतो आणि समुद्राला मिळतो. पूर्वेला पडलेला पाऊस निवांत असतो. तो सगळा मुलूख हिंडतो आणि दुसऱ्याच समुद्राला जाऊन मिळतो. एका ढगातले दोन थेंब इथं शेजारी शेजारी पडले, तरी त्यांची पुन्हा गाठ पडत नाही.

या धारेवर एक झरा होता. खाली पश्चिमेला तळकोंड नावाचं गाव, पूर्वेला उंबरमाळ. झऱ्यापासून दोन्ही गावांकडं एकेक पाट खोदलेला होता आणि झऱ्याच्या तोंडाशी एक चपटा दगड होता. दगड एकीकडं सरकवला की पाणी तळकोंडला जायचं, दुसरीकडं सरकवला की उंबरमाळला.

दगड सरकवायचं काम नवसूचं. नवसू तळकोंडची लेक, नवसानं झालेली, आणि उंबरमाळची सून. नवरा लवकर गेला, पोरबाळ नव्हतं, म्हणून ती झऱ्यापाशी खोपी बांधून राहिली. एक दिवस पाणी माहेरी, एक दिवस सासरी, असा तिचा नेम. ती दोन्ही गावांची होती, त्यामुळं तिच्या नेमाबद्दल कुणी कधी शंका काढली नाही. तळकोंडची पोरं तिला आत्या म्हणायची, उंबरमाळची काकी. दोन्ही हाकांना ती सारख्याच आवाजात ओ द्यायची, असं म्हणतात.

फाल्गुन तिचा लाडका महिना. सकाळी गारठा, दुपारी ऊन, करवंदीला पांढरं फूल, आणि काटेसावर तर एकही पान नसताना लालभडक. पहाट सरता सरता खालच्या दऱ्यांतून धुई वर यायची. नवसू त्या धुक्यात हात पुढं करून उभी राहायची. बोटांवर दंव किती जमतं ते बघून उन्हाळ्यात झरा कसा चालेल ते सांगायची. तिचा अंदाज कधी चुकला नाही, असं म्हणतात. मला विचाराल तर चुकलाही असेल. पण आवडत्या माणसाच्या चुका गाव लक्षात ठेवत नाही.

एका वर्षी थंडी माघातच पळून गेली. आंब्याचा मोहोर करपला. फाल्गुन लागला तरी धुई आली नाही, नवसूची बोटं कोरडीच राहिली. दोन्ही गावांतल्या विहिरी तळाला गेल्या आणि झऱ्याची धार करंगळीएवढी झाली.

नवसूनं नेम मोडला नाही. एक दिवस इकडं, एक दिवस तिकडं. पण पाणी गावात पोचेना. आदला अख्खा दिवस उन्हात वाळलेला पाट आधी स्वतःच पाणी पिऊन टाकायचा. तो भिजून धार पुढं सरकेपर्यंत दिवस संपायचा, आणि नवसू दगड फिरवायची. दोन्ही गावं तहानलेली राहिली. तळकोंडला वाटलं, उंबरमाळ पाणी पितंय. उंबरमाळला वाटलं, तळकोंड पितंय.

नवसू दोन्ही पाटांच्या कडेनं चालत गेली आणि पाणी कुठं मुरतं ते डोळ्यांनी बघून आली. इतकी वर्षं ज्या वाटणीनं दोन गावं जगवली, तीच आता दोघांना मारत होती. पाणी एकाच बाजूला सोडून दिलं तर पाट ओला राहणार, एक गाव जगणार. दुसरं ओस पडणार. आणि कुठलं, ते तिनं ठरवायचं.

मग तिचा भाऊ गोमा तळकोंडहून वर आला. म्हणाला, "बाय गो, तू आमची ना? पोरांच्या तोंडात पानी नाय. दगड आमच्याकडंच राहू दे."

त्याच वेळी उंबरमाळच्या वाटेनं तिचा दीर भिवजी आला. म्हणाला, "वैनी, लगीन होऊन आलात तवापास्नं तुमी आमच्या घरच्या. गुरं मराया लागली. पानी तिकडं सोडू नगा."

हे दोघं नवसूच्या लग्नात एका पंक्तीला जेवले होते. आता एकमेकांकडं बघेनात. नवसूला फार वाईट वाटलं. ती दोघांच्या देखत रडली, आणि खोपीत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दगड उचलून बाजूला टाकला. शेणमाती कालवली, आणि घरची जमीन लिंपावी तशी दोन्ही पाटांची तोंडं लिंपून टाकली. मग दोन्ही उतारांकडं तोंड करून ओरडली, "पानी आता कुठंच जानार न्हाई. ज्याला तहान लागंल त्यानं वर यावं. म्हाताऱ्यांना पाठीवर घ्या, गुरं हाका, पन वर या."

असं म्हणतात, तिचा आवाज दोन्ही गावांत एकदमच पोचला.

लोक चिडले. शिव्याही दिल्या असतील, का नाही देणार? भिवजी धावत आला. "वैनी, गहू जळंल की."

"जळंल," नवसू म्हणाली. "त्याचा दोष माज्या माथी. मानसं वाचवा."

गहू जळाला. तळकोंडचा वालही जळाला. पण पाण्याशिवाय किती दिवस रागवणार? आधी लेकुरवाळ्या बाया आल्या, मागोमाग गुरं, मग कुरकुरत पुरुष. झऱ्यापाशी पाणी साठून डोह झाला होता, सगळ्यांना पिण्यापुरता. तळकोंडनं धारेच्या अलीकडं बिऱ्हाड केलं, उंबरमाळनं पलीकडं. चार दिवस कुणी कुणाशी बोललं नाही. मग कुणाची तरी चूल विझली, विस्तव मागायला पलीकडं जावं लागलं, आणि अबोला तिथंच संपला. त्या वर्षी होळी एकच पेटली.

होळीच्या दुसऱ्या सकाळी जे झालं ते नीट ऐका. पश्चिमेच्या दरीतून धुकं उठलं, त्याला खाऱ्या वाऱ्याचा वास होता. पूर्वेच्या खोऱ्यातून धुकं उठलं, त्याला ओल्या मातीचा वास होता. पाणी खाली जात नव्हतं, म्हणून नद्याच वर आल्या, असं म्हणतात. दोन्ही धुकी नवसूच्या डोक्यावर एकमेकांना भेटली. काटेसावरीच्या फुलांतून पाणी ठिबकायला लागलं, गुरांच्या शिंगांवरून ओघळलं, झोपलेल्या पोरांच्या पापण्या भिजल्या. कुणाला शेजारचा माणूस दिसेना. नुसता टपटप आवाज, आणि कुठूनतरी नवसूचं हसणं.

ऊन चढल्यावर धुकं उतरलं. झरा मनगटाएवढा झाला होता आणि लिंपण फोडून दोन्ही पाटांनी एकदमच वाहत होता. नवसू तिथं नव्हती.

गोमानं शोधलं, भिवजीनं शोधलं. दोघं मिळून रडले. तळकोंडचे लोक आजही म्हणतात, आत्या उंबरमाळच्या वाटेनं गेली. उंबरमाळचे म्हणतात, काकी कोकणात उतरली. आपल्याकडं आली, असं मात्र कुणीच म्हणत नाही. या गोष्टीतलं मला हेच फार आवडतं.

आता दोन्ही गावांत नळ आहेत. तरी होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही पाट लिंपून बंद करतात आणि गावं वर चढतात. त्या दिवशी स्वैपाक पुरुष करतात. पिठलं दरवर्षी करपतं. मी खाल्लंय, म्हणून सांगतो.

आणि एका गावातून दुसऱ्या गावात दिलेल्या सासुरवाशिणी झऱ्याच्या काठी बसून राहतात, अगदी काही न करता. एका बाजूनं प्रत्येकीची आई चढून येते, दुसऱ्या बाजूनं सासू. दोघी मिळून एक ओंजळ करतात आणि तिला पाणी पाजतात. वर्षभर तीच इकडून तिकडं जात असते. त्या एका दिवशी तिला कुठंच जावं लागत नाही.